आठ वाजताची चंद्रलेखा

"जरा पाय काढा वायरीवरून."

वायर माझी नव्हती, मान्य. पण गच्ची आमच्या बिल्डिंगची होती, सतरंजी आईची होती आणि पाय तर माझेच होते. मी तोंडावरची ओढणी काढलीच नाही.

"माणूस झोपलंय, दिसत नाही?"

"दिसतंय ना. म्हणून तर 'जरा' म्हणालो."

आवाज वरून येत होता. मी ओढणीतून एक डोळा बाहेर काढला. पाण्याच्या टाकीवर एक उन्हानं रापलेला, किडमिडीत तरुण उकिडवा बसला होता. हातात पक्कड. टाकीपासून शेजारच्या बिल्डिंगपर्यंत गेलेल्या केबलमध्ये कुणाचा तरी पिवळा पतंग अडकला होता आणि मांज्याची गुंतवळ सैल पडलेल्या वायरीसकट थेट माझ्या टाचेखाली आली होती. संक्रांत दुसऱ्या दिवशी होती. जेल रोडवरच्या पोरांनी आदल्या दिवशीच सगळ्या तारांची वाट लावली होती.

मी झोपलेही नव्हते. रागानं धुमसत पडले होते. सकाळी भाजीच्या गाडीवर एका अनोळखी बाईनं माझ्या हातातली गाजरं काढून परत पाटीत टाकली होती. वर म्हणाली, "हिला नको देऊ रे भाऊ. हलव्यात विष कालवायची."

तर मी ती. रोज रात्री आठ वाजता टीव्हीवर जी थोरली जाऊ धाकट्या जावेला छळते, ती चंद्रलेखा. खरं नाव तृप्ती, पण ते आता रेशनकार्डापुरतं उरलं होतं. आठ वर्षं मुंबईत कुणाची मैत्रीण, कुणाची नर्स, कुणाच्या लग्नातली करवली अशी कामं केली तेव्हा नाशिकमध्ये कुत्र्यानंही विचारलं नाही. चंद्रलेखा मिळाली आणि सगळं गाव माझ्यावर भुंकायला लागलं.

मी उठून बसले आणि पाय काढला. तो टाकीवरून उतरला, माझ्यापासून चांगला हातभर लांब बसून गुंता सोडवू लागला. मग मान वर न करता म्हणाला, "तुम्ही तृप्ती ना? फॉल-पिकोवाल्या मावशींची?"

मी वाट बघत राहिले. आता म्हणेल, चंद्रलेखा... आता म्हणेल, काय हो, त्या बिचारीला का छळता... त्यानं दातानं मांजा तोडला आणि बोट चिरलं तसा "स्स" म्हणाला.

मला त्याचाही राग आला.

"टीव्ही बघत नाही वाटतं तुम्ही?"

"केबलवाला हाय मी. टीव्ही दाखवतो." आणि हसला. एका बाजूचा दात जरा पुढे होता, त्यामुळे हसू थोडं वाकडं यायचं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

खालच्या मजल्यावरून लंकाबाईंचा आवाज आला. "गोरख, माझ्याकडे चित्र नाचतंय रे."

"आलो ताई." तो उठला. जिन्यात त्याला कुणीतरी अडवलं, तिलाही "हो वहिनी" म्हणाला. सगळी कॉलनी त्याची ताई, वहिनी नाहीतर मावशी. मला मात्र नुसतं, "येतो मी... पतंग हवाय का?"

"मी काय लहान आहे?"

त्यानं पतंग कठड्यावर ठेवला, उडू नये म्हणून वर विटेचा तुकडा ठेवला आणि गेला. त्याची पावलं खाली पोचेपर्यंत मी थांबले. मग पतंग उचलला.

मी घरी आले होते ते संक्रांतीसाठी, आणि भांडायला. सोमवारी मुंबईत चॅनलच्या लोकांना सांगायचं होतं, चंद्रलेखा पुढचं वर्षही करणार की नाही. आई म्हणत होती, सोड. आणि माझं डोकं फिरायचं ते याच गोष्टीनं. कारण हीच आई रोज नऊ वाजता फोनवर माझ्या कामाचं कौतुक करायची. ते कौतुकही साधंसुधं नव्हे. "तू ओरडत नाहीस गं, लोकांना उगाच वाटतं ओरडलीस." "आज जिन्यात क्षणभर थांबलीस ना, ते फार छान." आमच्या दिग्दर्शकाला जे दिसायचं नाही ते आईला दिसायचं. शूटिंगला बारा-बारा तास उभं राहून पाय सुजले की मी त्या फोनवर जगायचे. कधीकधी तर सीन करताना मनात यायचं, हे आईला आवडेल. आणि असं एवढं सगळं बोलून शेवटी ती म्हणायची, "पण आता पुरे, तृप्ती. सोड ते काम."

म्हणून ठरवलं होतं, आज तिच्या शेजारी बसून बघायचं. तोंडावर विचारायचं, एवढं आवडतं तर सोडू का?

आठ वाजता मी टीव्ही लावला. आई एकदम म्हणाली, "कशाला गं, डाळ-तांदूळ टाकते, जेवून घे." मी तिला हाताला धरून खाली बसवलं. आमचं चॅनल लावलं.

चॅनलवर लुंगीतला एक बारकेला माणूस म्हशीमागे पळत होता. म्हैस थांबली, तो विहिरीत पडला. मालेगावकडची अहिराणी कॉमेडी. शेजारच्या घरातून हसण्याचा गडगडाट झाला. वरच्या घरातूनही.

"हे काय आहे?"

आई पदराशी चाळा करत राहिली.

"आई, माझी मालिका कुठाय?"

"अगं, गोरख लावतो... आठ ते साडेआठ. दिवाळीपासून."

मी चपलासुद्धा धड घातल्या नाहीत.

समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तीन मोठ्या डिशा होत्या आणि त्यांच्या पायाशी पत्र्याची खोली. तीच त्याची कंट्रोल रूम. दार उघडंच होतं. आत वायरींचं जंगल, मशिनींवर मशिनी, आणि मधोमध एक चिमुकला टीव्ही. त्या टीव्हीवर मी होते. हिरवी साडी, कपाळावर हे एवढं कुंकू, हातात चहाचा कप. समोर स्टुलावर गोरख. मफलर गुंडाळून, हनुवटी तळहातावर टेकवून बघत बसलेला.

सगळ्या कॉलनीला म्हैस, आणि हा एकटा माझं काम बघत होता.

"लाज नाही वाटत?" मी म्हणाले.

तो दचकून उठला, स्टूल पडलं. पण त्याचे डोळे पडद्यावरून निघेनात. "थांबा... एकच मिनिट. आता तुम्ही कप खाली ठेवणार... बघा. आधी कप, मग उत्तर. दुसरी कुणी असती तर कप आपटला असता. तुम्ही ओरडतच नाय. लोकांना उगाच वाटतं ओरडली."

मी दाराच्या चौकटीला धरलं.

ते शब्द मला पाठ होते. रोज नऊ वाजता, आईच्या आवाजात.

"हे... आईला तुम्ही सांगता?"

त्यानं मफलर काढला, परत गुंडाळला. "साडेआठला जातो मावशींकडं. त्या विचारतात, आज कशी दिसली, काय केलं. मी सांगतो. वाईट वाईट तेवढं गाळतो." मग हळूच, "तुमचा फोन नऊला येतो ना... म्हणून."

राग म्हणजे काय असतो, हे मला तेव्हा कळलं. इतके महिने मी ज्या शब्दांसाठी जीव टाकत होते, ते एका परक्या माणसाचे होते. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते परके वाटत नव्हते. मी काहीतरी फेकायला शोधलं. हाताला फक्त पक्कड लागली, ती जड होती, म्हणून ठेवून दिली.

"तुमच्याशी उद्या बोलते," एवढंच म्हणून मी उतरले.

आईनं मुकाट्यानं सगळं सांगितलं. नवरात्रात चंद्रलेखानं धाकटीच्या ओटीचा नारळ लाथाडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी लंकाबाई आपल्या साड्या परत घेऊन गेल्या. न शिवताच. म्हणाल्या, ज्या घरात अशी मुलगी वाढली, त्या घरची सुई माझ्या साडीला नको. त्यांच्या मागोमाग बाकीच्या. बाबा घर सोडून गेल्यापासून त्या मशिनवर माझं शिक्षण झालं होतं, ते मशीन महिनाभर झाकून ठेवलेलं गोरखनं पाहिलं. त्यानं चॅनल बदललं. कुणी विचारलं की सांगायचा, सिग्नल वीक आहे. बायकांना हळूहळू म्हैस आवडायला लागली आणि साड्या परत यायला लागल्या.

"आणि तू? तू एकदाही नाही बघितलंस मला?"

"पहिले चार दिवस बघितलं गं." आईचे डोळे भरले. "मला नाही बघवत. तू अशी नाहीस ना."

"ते काम आहे, आई."

"लोकांना कुठं कळतं?"

"लोकांचं सोड. तुला कळतं का?"

मी भांडी आपटत घासली. चंद्रलेखानं कधी आपटली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुठल्या गच्चीवर आहे हे शोधायला मला तीन जिने चढावे लागले. आकाश पतंगांनी भरलेलं आणि हा एका डिशला टेकून, मान वर करून बघत उभा.

"येवल्यात आज कुणी जमिनीवर नसतं," मला पाहून तो म्हणाला. "आमच्या घरी सकाळपासून आसारी घेऊन सगळे छतावर. आसारी म्हणजे आमची बांबूची चरखी, हातात धरून नुसती गरागरा—"

"मी पतंगाच्या गप्पा मारायला नाही आले."

"माहीत हाय. पण तेवढ्या वेळात तुमचा राग उतरला तर बघत होतो."

"तुम्ही मला वाचवत होता की लपवत होता?"

त्यानं खिशातून पक्कड काढली. मग म्हणाला, "मावशींना वाचवत होतो. आधी तेवढंच होतं." पक्कड या हातातून त्या हातात. "नंतर... खोटं कशाला बोलू. आठ वाजले की दार लावून बसायचो. या एवढ्या कॉलनीत तुम्ही फक्त मलाच दिसता, याचंबी बरं वाटायला लागलं."

दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी लाजले असते. पण माझ्या कानशिलात आग झाली.

"माझं काम काय तुमच्या घरचं आहे? बारा तास मी उभी राहते ती एका माणसानं पत्र्याच्या खोलीत बसून बघावं म्हणून? शिव्या खाते मी, शिव्या. त्याही माझ्या आहेत. त्यासुद्धा तुम्ही परस्पर बंद केल्यात. विचारलंत मला?"

"नाय."

"मग आज लावा. आज आमच्याकडे हळदीकुंकू आहे. आठ वाजता सगळ्या कॉलनीला चंद्रलेखा दिसली पाहिजे."

"आजच्या भागात काय हाय, माहितीये ना?" त्याचा चेहरा उतरला. "संक्रांतीच्याच दिवशी तुम्ही धाकटीला घराबाहेर काढता. काल पुढच्या भागाची झलक दाखवली. हे बघून एक बाई मावशींकडं येणार नाय. आजच नाय, परत कधीच नाय."

"नाही येणार तर नाही. पण माझ्याच घरात मी दिसायला नको असेन, तर सोमवारी मी नाही म्हणून सांगते आणि मोकळी होते. फॉल लावायला शिकते. मग ठेवा तुमची म्हैस बारा महिने."

कुणीतरी कुणाचा तरी पतंग काटला, चहूकडून आरडाओरडा झाला. आम्ही दोघांनीही वर पाहिलं नाही.

"सोडू नका," तो म्हणाला. तेवढंच.

संध्याकाळी आईनं काळी चंद्रकळा नेसली. तिळगुळाच्या वड्या, हलवा, वाणाला स्टीलच्या वाट्या, सगळं सतरंजीवर मांडलं. आधीच्या वर्षी सहा वाजल्यापासून जिन्यात चपलांचा ढीग लागायचा. त्या दिवशी आठपर्यंत दोनच बायका आल्या. मी घरी आलेय हे कॉलनीला भाजीच्या गाडीवरूनच कळलं होतं. दोघींनी घाईघाईनं कुंकू लावून घेतलं आणि माझ्या हातची वडी न खाता रुमालात बांधली.

आठ वाजता मी टीव्ही लावला. म्हैस नव्हती.

माझं शीर्षकगीत वाजलं आणि एकापाठोपाठ एक सगळ्या खिडक्यांतून वाजलं. वरून, खालून, समोरून. मला वाटलं होतं आनंद होईल. मी टीव्हीचा आवाज कमी केला.

आई उठायला लागली. मी तिचा हात धरला. "आज बसायचं."

ती बसली. पडद्यावर चंद्रलेखानं धाकटीच्या हातातलं हळदीकुंकवाचं तबक काढून घेतलं. दार उघडलं. धाकटी रडत पाया पडली. चंद्रलेखा एका हातानं दार धरून उभी राहिली, दुसऱ्या हातातलं तबक तिनं हलकेच टेबलावर ठेवलं आणि मग बोलली. "जा. सण माझ्या घरात आहे."

आईनं माझं मनगट घट्ट पकडलं. "आधी ठेवलंस... मग बोललीस. गोरख सांगतो ते हेच का गं?"

"हेच."

ती परत पडद्याकडे वळली. या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

साडेआठला जाहिराती लागल्या आणि जिना दणाणला. दारात लंकाबाई, त्यांच्या मागे आठ-दहा जणी. कुणाच्या हाताला पोळ्यांचं पीठ तसंच. लंकाबाईंचे डोळे लाल.

"काय गं भवाने," त्या थेट माझ्यावर आल्या. "सणासुदीच्या दिवशी पोरीला बाहेर काढतेस? काळीज हाय का दगड? माझा घास घशाखाली गेला नाही."

मी तोंड उघडणार होते. चांगलं सुनावणार होते, वर्षाचं साठलेलं होतं. पण आई माझ्या पुढे झाली. माझी आई, जी भाजीवाल्याशीही घासाघीस करत नाही.

"लंकाबाई, रडलात ना तुम्ही?"

"मग? रडू नाही येणार?"

"तिनं रडवलं. ते तिचं काम आहे, आणि ती ते चांगलं करते." आईनं पदर खोचला. "मी साडीला फॉल लावते ना, तो उसवला तर मला बोला. नीट बसला तर शिव्या कसल्या देता? माझ्या पोरीला यापुढे माझ्या दारात कुणी बोलायचं नाही. साड्या नका देऊ. मशीन विकीन."

लंकाबाईंनी पदरानं नाक पुसलं. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग सतरंजीवरच्या वाट्यांकडे.

"ती परत येते का पण?" त्यांनी मला विचारलं. "धाकटी?"

"ते नाही सांगणार," मी म्हणाले.

"भारीच खाष्ट हाय ही," लंकाबाई मागच्यांना म्हणाल्या आणि चपला काढून आत आल्या. मी त्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. गोड बोला म्हणायचं राहिलंच. त्यांनी वडी तिथेच खाल्ली आणि खाताखाता मला बोलतच राहिल्या. मग सगळ्या बसल्या. जाताना चौघींनी उद्या साड्या आणते म्हणून सांगितलं. दोघींनी काहीच सांगितलं नाही. त्या परत आल्याही नाहीत.

सगळ्या गेल्यावर मी जिन्यात आले. तो खालच्या पायरीवर बसला होता. बोटाला मांज्यानं चिरलेल्या जागी चिंधी बांधलेली.

"चिडलात अजून?"

"हो."

"किती?"

"खूप. इतके महिने आईच्या तोंडानं माझ्याशी बोललात. मी कुणाशी बोलतेय, ते मला माहीत असायला नको?" मी एक पायरी उतरले. "मी... त्या फोनची वाट बघायचे, गोरख."

तो उठून उभा राहिला. पायरी खाली असल्यामुळे आमचे डोळे एका उंचीवर आले.

"एक विचारू?" मी म्हणाले. "सगळ्या कॉलनीला ताई म्हणता. मला का नाही?"

त्यानं हातातली पक्कड आधी कठड्यावर ठेवली. आवाज न करता. मग म्हणाला,

"तुम्हाला नाय म्हणायचं."

मी वडी त्याच्या हातावर ठेवली. गोड बोल वगैरे काही म्हटलं नाही. त्याचा हात मात्र लगेच सोडलाही नाही.

सोमवारी मुंबईत मी हो म्हणून सांगितलं. रात्री नऊ वाजता नेहमीसारखा फोन लावला. आई म्हणाली, "बघितलं गं. दोन बायका इथेच येऊन बसल्या होत्या, काही ऐकूच देईनात. थांब हं..."

फोन हातातून हातात गेला.

"तृप्ती..." तो म्हणाला. "आज डोळे जास्त वटारलेस."

माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. अर्धा तास मी त्याच्याशी भांडत होते, आणि मग म्हणाले, उद्या याच वेळी.